कुरवांची नजर

बाबा बुडाले तेव्हा होडीत धाकटा भाऊ एकटाच सोबत होता. "लाट आली," एवढंच तो सांगे. थोरल्या बहिणीच्या गळी ते कधीच उतरलं नाही.

हिवाळा सरताना परतीला निघालेले कुरव पक्षी बंदराच्या बांधावर गर्दी करत. ते बघायला ती बाबांची दुर्बीण घेऊन धक्क्यावर आली, तर नेमका भाऊही तिथेच. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच्याकडे दुर्लक्ष करत तिने दुर्बीण डोळ्यांना लावली. एरवी वाऱ्याकडे तोंड करून बसणारे कुरव आज सगळेच्या सगळे भावाकडे बघत होते.

"जरा डावीकडे सरक."

"कशाला?" म्हणत तो सरकला. साऱ्या चोची त्याच्यामागोमाग वळल्या.

"खरं बोल, काय झालं होतं त्या दिवशी?"

"किती वेळा तेच उगाळशील? लाट आली!" तो खेकसला.

दुर्बिणीतला बांध आता रिकामा होता. तिने दुर्बीण भावाकडे वळवली. त्याच्या पायांभोवती कुरवांच्या करड्या पाठी दाटीवाटीने उभ्या होत्या.

तिने झटकन दुर्बीण खाली घेतली. धक्क्यावर एकही पक्षी नव्हता.

"ताई," भावाचा आवाज चिरकला, "माझ्या पायाला काय टोचतंय गं?"