दोन घरांचा एक डाग

“नीट देख के बता, कौतिक. बैल किसका?” जमादाराने विचारलं.

कौतिकने बघितलं. खरं तर बघायची गरजच नव्हती. बैलाच्या डाव्या पुठ्ठ्यावर डागलेली चंद्रकोर होती, कोरीच्या पोटात दोन टिंबं आणि खाली एक तिरपी रेघ. गावोगावच्या जनावरांचे डाग तोच ठरवून देई, आणि हा डागही त्यानेच तयार केला होता. आधी काठीने मातीत काढला, पाच-सहा वेळा पुसला, मग लोहाराला समोर बसवून तशी लोखंडी डागणी करून घेतली. त्याला तीस वर्षं झाली. एरवी हा डाग नजरेला पडला की त्याला बरं वाटायचं. आज त्याने नजर बाजूला वळवली.

बऱ्हाणपूरच्या बैलबाजारात त्याच्याभोवती शंभरेक माणसं गोळा झाली होती. फोपनारचा पंडित बैलाच्या दोराला हात घालून उभा होता. त्याचा असाच पांढरा बैल दिवाळीत गोठ्यातून चोरीला गेला होता. समोर दगा नावाचा शेतकरी उभा होता. हा होळकरांच्या हद्दीतला. हद्द आता कुठली म्हणा. संस्थान विलीन झालं, मागोमाग जकातीचा नाकाही उठला, आणि तिकडची जनावरं यंदा प्रथमच या बाजारात आली. दगाही प्रथमच आला आणि तासाभरात चोर ठरला. शिपायाने त्याचे हात त्याच्याच पटक्याने मागे बांधले होते.

“माह्या बापाचा डाग आहे हा,” दगा पुन्हा पुन्हा सांगत होता. “बाप गेला. डागणी घरी आहे. नाक्याच्या इकडच्या कोन्या माणसानं करून दिली होती. त्याचं नाव मले ठाव नाही.”

“कौतिकभाऊ, तुम्हीच सांगा,” पंडित म्हणाला. “माह्या घराचा डाग कोनता?”

या मुलखात एका घराचा एकच डाग. भाऊ वेगळे निघाले तर डाग थोरल्याकडे राही आणि धाकटा त्यात एखादं टिंब वाढवून घेई. दोन घरांना सारखा डाग म्हणजे डाग देणाऱ्याचं तोंड काळं. कौतिकच्या बापाने हा नेम पाळला आणि कौतिकनेही पाळला. एकदा सोडून.

त्या वेळी तो तरणा होता. दगाचा बाप डाग मागायला नाका ओलांडून आला आणि दोन दिवस ओटा धरून बसला. कौतिकला काही सुचेना. मातीत काढावं आणि पुसावं. शेवटी त्याने महिन्याभरापूर्वी पंडितच्या बापाला दिलेली चंद्रकोरच काढून दिली. मध्ये नाका आहे, तिकडचं जनावर इकडे येतंय कशाला, अशी त्याने मनाची समजूत घातली. आणि आणखी एक होतं, जे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती चंद्रकोर त्याला फार साधली होती. एवढा देखणा डाग एकाच घरी पडून राहावा, हे त्याच्या जिवाला बरं वाटत नव्हतं.

आता नाका नव्हता. कौतिक खाली वाकला आणि डागावरून उगाच बोट फिरवत राहिला. लोकांना वाटलं, म्हातारा डाग वाचतोय. म्हातारा पळवाट शोधत होता.

एक सापडली. “पंडित, तुहा बैल तू मोठा विकत आनला होता. डाग मीच दिला, दोन सालामागं,” तो म्हणाला. “मोठ्या जनावराचा डाग दिला तसाच राहतो. हा फाकेल आहे. हे वासरू असताना डागलं, मंग कातड्यासंगं डागही वाढला. हा तुहा बैल नाही.”

पंडितने वाकून पाहिलं आणि दोर सोडला. माणूस तसा सरळ होता.

जमादार मात्र हलला नाही. “लेकिन डाग तो पंडितके घरका है ना? मतलब इसने दुसऱ्या कोनाचं वासरू उचललं आणि खोटा डाग मारला. चलो, चौकी.”

शिपायाने दगाला पुढे ढकललं. कौतिकला पळून जावंसं वाटलं, पण चहूकडून माणसं होती. गप्प राहिलं की झालं, कोणालाही कळणार नव्हतं. जोडीचा दुसरा बैल धरून दगाची बायको धुरपदाबाई उभी होती. ती रडली नाही, ओरडली नाही.

“बाबा,” ती म्हणाली, “सारे म्हनतात तुम्ही खोटं बोलत नाही. तुम्ही चोर म्हना, मंग मी बी याले चोर म्हनीन.”

कौतिकला ते सहन झालं नाही.

“सोडा त्याले. डाग दोघांचा आहे,” तो मोठ्याने म्हणाला. “पहिले पंडितच्या बापाले दिला, मंग याच्या बापाले. तो इकडचा मानूस म्हंजे मीच. चूक माही आहे.”

शिपायाने पटक्याची गाठ सोडली. दगा तोच पटका गळ्यात टाकून कौतिकच्या पाया पडला, आणि कौतिकला हलकं वाटलं.

तेवढ्यात गर्दीतून जैनाबादचा उखर्डू पुढे आला. आठ वर्षांपूर्वी कौतिकने डाग बघून दिलेल्या एका शब्दावर उखर्डूच्या दावणीची गाय दुसऱ्याच्या गोठ्यात गेली होती.

“असे एकसारखे डाग आनखी किती घरांले दिले, कौतिकभाऊ?” त्याने विचारलं.

“कोनालेच नाही. हा एकच.”

ते अगदी खरं होतं. पण तोवर बाजारातला एकेक जण वाकून शेजाऱ्याच्या जनावराचा पुठ्ठा बघायला लागला होता.