शनिवारचं लोखंड

"ब्रेकची जुनी डिस्क उघड्या हातानं धरायची न्हाई, चांगुणा. झिजली की तिच्या कडंला सुरीची धार येती."

नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली, पण अंगणात कुणाच्या मोटारसायकलचं चाक निघालं की चांगुणाबाईंच्या कानात हे बोल येत. आत्ताही आले. मारुतीला वाहायच्या तेलाची वाटी हातात घेऊन त्या उंबऱ्यातच थांबल्या.

शनिवारचा उपास होता, आणि जावई रंगनाथ लेकीला, अश्विनीला, न्यायला आला होता. नगरहून येताना गाडीचा मागचा ब्रेक लोखंडावर लोखंड घासत ओरडायला लागला, म्हणून वाटेतच त्यानं नवी डिस्क विकत घेतली आणि मेव्हण्यापुढं आणून टाकली. मेव्हण्याचं, म्हणजे चांगुणाबाईंच्या अजिनाथचं, गॅरेज घराच्या अंगणातच होतं.

"शनिवारी लोखंड आणू नये, रंगनाथराव," चांगुणाबाई हळू म्हणाल्या.

"ब्रेकला शनिवार कळतो व्हय, मामी?" रंगनाथ खाटेवर पाय पसरून हसला. "आवळा पाव्हणं, नीट आवळा. मागं तुमचीच बहीण बसनार हाय."

अजिनाथनं मान वर केली नाही. जुनी डिस्क सोडवून त्यानं फडक्यात धरून बाजूला ठेवली. नवी पुसली, बसवली, समोरासमोरचे बोल्ट आवळत नेले. पान्ह्यावरची बोटं पांढरी पडली होती. मागं रंगनाथनं अश्विनीचा हात मोडून तिला इथं आणून टाकलं, तेव्हा अजिनाथ पहार घेऊन त्याच्या अंगावर धावला होता. चांगुणाबाईंनी त्याला मारुतीपुढं उभं करून शपथ घातली, जावयावर हात उचलायचा नाही. आणि आपणही शब्द दिला, "तुझ्या हातात बेडी पडू देनार न्हाई मी."

चाक चढलं. अजिनाथनं ते फिरवलं, पायानं ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं.

"झालं, दाजी."

"चल गं," रंगनाथ उठला.

अश्विनी दारात पिशवी घेऊन उभी होती. पिशवी सकाळी आईनंच भरली होती. तिनं ती खाली ठेवली.

"मी येत न्हाई."

तोंडात बसली ती ओठ फोडूनच. दुसऱ्या क्षणी तिचे केस त्यानं मुठीत गुंडाळले होते आणि नुकतंच प्लास्टर निघालेला हात पाठीमागं पिळला होता. तो तिला तसाच फरफटत गाडीपाशी घेऊन आला. अजिनाथ पान्ह्यासकट उठला. उठला आणि उभाच राहिला.

"मारा की," रंगनाथ म्हणाला. "का? आईनं शपथ घातलीय म्हनं. मग बघा उभं ऱ्हाऊन." आणि त्यानं अश्विनीचं कपाळ पेट्रोलच्या टाकीवर आदळलं. पुन्हा आदळलं. टाकीवरून रक्ताचा ओघळ नव्या डिस्कपर्यंत आला नाही, मधेच मातीत पडला.

चांगुणाबाईंनी तेलाची वाटी तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली. थेंबही सांडला नाही. मग त्या वाकल्या, फडकं बाजूला सारलं आणि जुनी डिस्क दोन्ही हातांनी उचलली. ओठांवर देवाचं नाव चाललं होतं, ते थांबलं नाही. पहिला घाव केस धरलेल्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. मूठ सुटली. दुसरा गुडघ्यावर. तो खाली आला आणि त्यानं धडका हात आडवा धरला, तर तिसरा त्या हातावर.

"आई, बास," अश्विनी म्हणाली.

"व्हय, बास," चांगुणाबाई म्हणाल्या. त्यांना धापही लागली नव्हती.

ओरडा ऐकून रस्त्यावरची माणसं फाटकाशी गोळा झाली. रंगनाथ मातीत लोळत होता. "अजिनाथनं मारलं मला," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. "ह्याला आत घालतो. जन्मभर सडवतो."

पान्हा अजून अजिनाथच्या हातात होता, आणि माणसं त्या पान्ह्याकडंच बघत होती. त्यानं तो टाकला आणि आईच्या हातातली डिस्क धरली.

"दे. विहिरीत टाकतो. मीच मारलं म्हनून सांगतो, तू आत जा."

"सोड ते. शनिवारी लोखंड घरात ठेवू नये."

त्यांचे तळहात चिरले होते. त्यांनी डिस्क तशीच पदरात गुंडाळून काखेत घेतली.

"टेम्पो बघ, ह्याला दवाखान्यात पोचवा," त्या लेकाला म्हणाल्या. मग लेकीकडं वळल्या. "पिशवी आत ठेव. भगर झाकून ठेवलीय. तोंड धू आन् खाऊन घे."

"आई, तू कुठं निघालीस?" अजिनाथनं विचारलं.

"तुला शब्द दिला व्हता."

त्यांनी कट्ट्यावरची तेलाची वाटी उचलली. फाटकातल्या माणसांनी वाट दिली. त्या रस्त्यानं मारुतीचं देऊळ आधी लागतं, पोलीस चौकी त्याच्या पुढं. दर शनिवारच्या चालीनं चांगुणाबाई चालू लागल्या, वाटीतलं तेल हिंदकळू न देता.