एक पाऊल डावीकडे

"ऑनलाइन प्रॅक्टिकल म्हणजे कोरड्या विहिरीत पोहायला शिकवणं," असं प्राचार्य मला टाळेबंदीत वर्षभर हिणवत होते. मी माझ्या स्वयंपाकघरातून, मोबाइलसमोर उभा राहून रसायनशास्त्र शिकवत होतो.

आज कॉलेज उघडलं. मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा ब्युरेटला, त्या तोटीच्या काचनळीला, हात लावला आणि नेमक्या थेंबाला द्रावण गुलाबी केलं. चाळीसच्या चाळीस जणांनी! प्राचार्य एकेक गुलाबी द्रावण उजेडात धरून पाहत राहिले.

फक्त एक गोष्ट मला खटकली. तोटी फिरवण्याआधी प्रत्येक जण एक पाऊल डावीकडे सरकत होता.

"हे कुणी शिकवलं?" मी एकीला विचारलं.

"सर, तुम्हाला जागा नको का?" ती हसली. "आमच्या घरी रोज माझ्या शेजारी इथंच तर उभे असायचात. आई अजून तुमच्यासाठी चहा टाकते."