शेजाऱ्याची पाठ

"कादंबरीत चार ताटं होती," धाकटा म्हणाला. "ह्या चित्रात तीनच आहेत."

त्याने एका हाताखाली कादंबरी उघडी ठेवली होती, दुसऱ्या हाताखाली कॉमिकची पानं. ताई समोर बसली होती. कादंबरी तिने लिहिलेली होती आणि तिच्यातलं घर त्या दोघांचं.

आईच्या बांगड्या एके दिवशी कपाटातून नाहीशा झाल्या होत्या, हे खरं. कोणी नेल्या ते कधीच कळलं नाही, हेही खरं. पण गोष्टीला चोर हवा होता. ताईने कादंबरीत धाकट्या भावाला चोर केलं. पुढे एका लग्नात मावशीने त्याला पाहून पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. सगळे हसले. तोही हसला. त्यानंतर तो ताईशी बोलला नाही. कोणी विषय काढलाच, तर म्हणायचा, "मी ते वाचलेलं नाही."

आता कादंबरीचं कॉमिक होत होतं. पानं मोजकी होती. एखादं पात्र गाळता येईल का, असं चित्रं काढणाऱ्या मुलीने विचारलं. ताईने लगेच सांगितलं, भाऊ गाळा. छापायला जाण्याआधी तिने ती पानं त्याच्याकडे पाठवली. सोबत चिठ्ठी नव्हती. पानं बघून त्याला कळेल, असं तिला वाटलं.

म्हणून आज तो इतक्या वर्षांनी दारात दिसला, तेव्हा तिने मनात म्हटलं, मिटलं एकदाचं.

"तुझंच ताट कमी आहे," ती म्हणाली. "तू नाहीसच आता. बांगड्या नुसत्या हरवतात. कोणी चोरत नाही."

"कळलं ते. तेवढी अक्कल आहे मला."

त्याने सोबत आणलेल्या कादंबरीची पानं उलटली. बांधणी सैल झाली होती, कोपरे मऊ पडले होते. हवं ते पान त्याला न शोधता सापडलं. मग त्याने कॉमिकमधलं शेवटून दुसरं पान त्याच्या शेजारी ठेवलं.

बाबांचे पाय गेले होते. एक रुंद खांद्यांचा माणूस त्यांना पाठीवर घेऊन गच्चीत उन्हाला नेत होता. जिना अरुंद, म्हणून तो तिरका चढत होता. बाबांचा गाल त्याच्या मानेवर टेकला होता. कादंबरीत होतं तसंच सगळं होतं. चेहरा तेवढा वेगळा होता.

"हा कोण?"

"शेजारी," ताई म्हणाली. "कोणीतरी न्यायला हवं ना त्यांना. तू नाहीस म्हटल्यावर."

धाकट्याने चित्रातल्या त्या रुंद पाठीवर बोट ठेवलं.

"चोर मलाच कर परत," तो म्हणाला. "पण बाबांना ह्याच्या पाठीवरून उतरव."