सोनीचं नवं पाणी

"हात काढ, राधू! पिशवी फुटंल."

ज्योत्स्नाने लेकीचा हात मागे ओढला. तिच्या नवऱ्याने, हरीओमने, वाशिमहून आणलेली मोठी काचेची टाकी ओसरीत चमकत होती. विहिरीचं पाणी तिने आदल्या दिवशीच भरून ठेवलं होतं; नळाच्या पाण्यातल्या औषधाचा तिला भरवसा नव्हता. त्या पाण्यावर आता प्लास्टिकची पिशवी तरंगत होती आणि पिशवीत सोनी, त्यांची गोल्डफिश.

"आई, आता सोडू?" बालवाडीतली राधिका टाचा उंचावून नाचत होती.

"दोन्ही पाणी सारखं होऊ दे."

राधिका अपुऱ्या दिवसांची. दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतून घरी आली, त्याच दिवशी सासूबाईंनी, सोजरबाईंनी, शेलूबाजारच्या बाजारातून ही मासोळी आणली. तेव्हापासून ज्योत्स्नाच्या मनाने घेतलं: ही नीट, तर पोर नीट. बी.एस्सी. झालेल्या बाईने हे सांगावं तरी कुणाला? एकदा रडता रडता सासूजवळ बोलून गेली, तेवढंच.

मागच्या उन्हाळ्यात सोनी तळाशी निपचित पडली, तेव्हा ज्योत्स्ना दार लावून निजली होती, जेवली नव्हती. संध्याकाळी उठून पाहते तर सोनी ठणठणीत! शेपटीवरचा काळा ठिपका तेवढा गेलेला. वयाने रंग बदलतो, असं मोबाइलवर लिहिलं होतं.

सोजरबाई आत आल्या. भाजीची टोपली अर्धी भरलेली, दुसऱ्या हातात कडीचा डबा.

"आई, आज बाजार अर्ध्यात सोडला?" ज्योत्स्नाने सासूला विचारलं.

"पोरीची गंमत पाहू नाही का मंग? त्या डब्याले हात नोको लावू. ताक हाय, सांडन." डबा सावलीत ठेवून त्या त्याच्या शेजारीच बसल्या. "तू काहून इतकी भेऊन राह्यली व? मासोळी हाय ते. नवरी नाही सासरी जाऊन राह्यली!"

"तुमी हसू नका ना, आई."

ज्योत्स्नाने श्वास रोखून पिशवीचं तोंड सोडलं. सोनी बाहेर घरंगळली, तळाला गेली. कल्ले हलेनात.

सोजरबाईंचा हात डब्याच्या कडीवर आवळला.

मग शेपटी फडफडली, आणि सोनी या काचेपासून त्या काचेपर्यंत सुसाट!

"पयाली! आई, सोनी पयाली!" राधिकाने उड्या मारून घर डोक्यावर घेतलं. ज्योत्स्ना हसत होती, डोळे पुसत होती. सुस्कारा मात्र सगळ्यांत मोठा सोजरबाईंचा.

"चाल व राधे, देवापुढे साखर ठेवतो." नातीला कडेवर घेऊन त्या आत गेल्या.

ज्योत्स्नाच्या घशाला कोरड पडली होती. घोटभर ताक घ्यावं म्हणून तिने डबा पुढे ओढला, झाकण काढलं.

आत स्वच्छ पाण्यात, सोनीच्याच रंगाची, सोनीएवढीच एक मासोळी गोल गोल फिरत होती.