जवळचं सर्वनाम

'जवळचं असेल तर हा, ही, हे. लांबचं असेल तर तो, ती, ते,' मोहितेबाईंनी काल फळ्यावर लिहिलं होतं. 'घरी कानावर पडलेली सर्वनामं टिपून आणा,' हा गृहपाठ.

सुचिताच्या वहीत पहिलीच ओळ होती: 'हे – बाबा. जवळचे.'

बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं. चार वर्षांपूर्वी वादळात होडीसकट बुडालेले तिचे वडील त्यांना आठवले.

"अगं, इथे 'ते' हवं ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"पण बाई, आई 'हे'च म्हणते. कालही कालवणात जास्त कोकमं टाकताना म्हणाली, 'ह्यांना आंबटच लागतं.'"

'हे'. आणि 'लागतं'. 'लागायचं' नाही. तेवीस वर्षं व्याकरण शिकवलं, पण असा वर्तमानकाळ कधी ऐकला नव्हता.

बाईंनी टोपण लावलं आणि वहीला हात लावून नमस्कार केला.

"बाई, वहीला पाय लागला?"

"लागणार होता."