कातडं

आईच्या अंत्ययात्रेला आलेली मॉर्व्हेन अजून घरीच होती. सोमवारी आपण ॲबर्डीन शहरात परत जाणार, हे तिला बाबांना सांगायचं होतं. घरात शब्द फुटेना, म्हणून ती त्यांना टेकडीवर घेऊन आली. खाली व्हिस्कीच्या भट्टीचा धूर वर चढत होता. उभा जन्म तिथं दारूची लाकडी पिंपं बांधण्यात घालवलेले बाबा मान खाली घालून चालत होते.

"बाबा, सोमवारी मी..."

"थांब. डगल काय करतोय बघ."

दगडी बांधापलीकडे मेंढपाळ डगल एका मेलेल्या कोकराचं सोललेलं कातडं दुसऱ्या पोरक्या कोकराला सदऱ्यासारखं घालत होता. "वळवळू नकोस गाढवा, आई मिळवून देतोय तुला!" मेलेल्या पिल्लाच्या आईनं ते कोकरू दोनदा हुंगलं आणि त्याला पिऊ दिलं.

"हे आपलं नाही, कळत नाही तिला?" मॉर्व्हेननं विचारलं.

"कळतही असेल, पोरी," डगल म्हणाला. "पण कास दाटलीय. करेल काय बिचारी?"

वारा सुटला. बाबांनी पाठपिशवीतून आईचा हिरवा लोकरी कोट काढला. "तुझं ते शहरी जाकीट म्हणजे नुसती चाळण. हा घाल." ती नको म्हणेपर्यंत त्यांनी गळ्यापर्यंत बटणं लावलीसुद्धा. बाह्या मनगटाशी अगदी बरोबर आल्या. बाबा कॉलरवर हात ठेवून तसेच उभे राहिले.

"चल घरी," ते म्हणाले. "भूक लागलीय."

आई गेल्यापासून हे त्यांनी आज पहिल्यांदाच म्हटलं होतं.